मुलाच्या पोटात गोळा का येतो? चिंतेचं मूळ शोधण्याची रीत

शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले, नव्या दप्तराचं कौतुक ओसरलं, की समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचं बोलणं हमखास पोटापासून सुरू होतं. सकाळी साडेसहाला पोट दुखतं, व्हॅनचा हॉर्न वाजला की मळमळतं, रविवारी मात्र पठ्ठ्या ठणठणीत. सोनोग्राफी होते, जंताचं औषध होतं, आजी दृष्ट काढते. शेवटी आईबाबा दबक्या आवाजात विचारतात, "नाटकं करतोय का हो?"

नाटक नसतं. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग शरीराला सज्ज करतो. अॅड्रिनालिन सुटतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. म्हणून पोटात पीळ पडतो, तोंडाला कोरड पडते, सारखं शूला जावंसं वाटतं. धोका समोर असो की मनात, शरीर तयारी तीच करतं. या सगळ्याला आवर घालणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडतच असतो. आठ वर्षांच्या मुलाला "उगाच घाबरू नकोस" म्हणून भागत नाही ते यामुळेच.

पालकांना कारण हवं असतं, आणि ते एकच हवं असतं: ती बाई ओरडली म्हणून, मोबाइलमुळे, लॉकडाउनमुळे. एकच कारण सहसा नसतं. मुलाचा पिंड, घरातलं वातावरण आणि एखादं निमित्त अशा गोष्टी एकत्र येतात. शिवाय चिंता कुठून सुरू झाली आणि ती आज कशावर जगतेय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कधी मिळतं, कधी नाही. दुसऱ्याचं बहुतेक वेळा मिळतं, आणि आपल्या हातात असतं तेही तेच. म्हणून खालचा क्रम सोडू नका. पहिल्या दोन पायऱ्या झटपट होतात, खरं काम तिसरीपासून आहे.

पायरी १ : ही वयाची भीती तर नाही ना?

आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्या माणसाकडे गेलं की टाहो फोडतं. दोन-अडीच वर्षांचं मूल पाळणाघराच्या दारात आईचा पदर सोडत नाही. तीन ते सहा या वयात अंधार, भुतं, फुगे फुटणं, ढोल-ताशांचा दणदणाट. सातव्या-आठव्या वर्षी मरण म्हणजे कायमचं जाणं हे कळू लागतं, आणि "आई, तू मरणार का?" हा प्रश्न रात्री दिवे मालवल्यावर येतो. अकरा-बारानंतर भीती माणसांची: वर्गात हसतील, ग्रुपमधून काढतील, मुरमं दिसतील. हे सगळं वाढीचाच भाग आहे.

मग काळजी कधी करायची? भीतीमुळे मुलाचं जगणं अडतंय का, ते पाहा. चौथीतला मुलगा विजा कडाडल्यावर कुशीत शिरतो, तर शिरू दे. तोच मुलगा जून ते सप्टेंबर आकाशाकडे बघत घरात बसतो, ग्राउंडवर जात नाही, सारखं हवामानाचं अॅप उघडतो, तर पुढे वाचा.

पायरी २ : आधी शरीर

बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या, पण नेमकं विचारा. थायरॉइड वाढलं की धडधड, घाम, अस्वस्थता अशी चिंतेसारखीच लक्षणं दिसतात. रक्त कमी असेल तर थकवा आणि धाप. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि मुलाला वाटतं आपल्याला काहीतरी होतंय. जुनाट बद्धकोष्ठाने पोट खरंच दुखतं.

आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आता हिशेब करा. बाबा हिंजवडीहून साडेनऊला घरी, जेवण दहाला, बाबांशी मस्ती साडेदहाला, झोप अकराला, सहाला गजर. म्हणजे सात तास. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते या झोपेपायीच. पण तुमचा मुलगा सहावीत असेल तर त्याचा उपयोग नाही. झोप कमी पडली की मेंदू साध्या गोष्टीलाही धोका समजतो. दोन आठवडे झोपेची वेळ तासभर अलीकडे आणा आणि फरक पाहा. बाबांशी मस्ती सकाळी सहाला होत नाही हे मला मान्य आहे. शनिवार-रविवार राखून ठेवा. संध्याकाळचा चहा, कोल्ड कॉफी, कोला बंद.

पायरी ३ : दोन आठवड्यांची नोंद

साधी शंभर पानी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका, मुलाला वाटतं आई कुणालातरी कळवतेय. प्रत्येक प्रसंगाला इतकंच लिहायचं: वार आणि वेळ, कुठे, त्याच्या लगेच आधी काय घडलं, मूल काय म्हणालं (त्याच्याच शब्दांत), आपण काय केलं, त्यानंतर काय झालं. मत लिहायचं नाही. "हट्ट केला" हे मत झालं. "बूट घालताना थांबला, दोनदा संडासला जाऊन आला, 'आज नको ना' म्हणाला" ही नोंद झाली.

शेवटचे दोन रकाने लोक गाळतात, आणि सगळ्यात मोलाचे तेच. ते का, हे सहाव्या पायरीत येईल.

अशा नोंदीतून काय हाती लागतं त्याचं एक उदाहरण. तिसरीतली मुलगी, कोथरूडची. अभ्यासात उत्तम, मैत्रिणी भरपूर, तरी रोज सकाळी पोटदुखी. घरच्यांनी गणिताच्या बाईंवर संशय घेतला होता. वहीत मात्र दिसलं की शनिवारी पोट दुखत नाही, आणि शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. दुसरी गोष्ट, पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते. तिसरी, घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती दप्तरासकट बाथरूमकडे धावते. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची एक कडी तुटली होती, एकदा कुणीतरी दार ढकललं होतं, आणि त्यानंतर ती पूर्ण दिवस शूला जातच नव्हती. आईने तिला "शाळेत कसली भीती वाटते?" असं कितीदा तरी विचारलं होतं. पण तिच्या लेखी ती भीती नव्हती, लाज होती. त्यामुळे "कसलीच नाही" हे उत्तर खरंच होतं.

पायरी ४ : विचारायचं कसं

"का घाबरतोस?" हा प्रश्न टाळा. 'का'चं उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही, आणि मुलाला तो जाब वाटतो. समोर बसवून, डोळ्यांत बघून तर नकोच. मुलं बोलतात ती शेजारी बसून, हात कशाततरी गुंतलेले असताना: मटार सोलताना, सारसबागेत चालताना, स्कूटरवर मागे बसल्यावर. सिंहगड रोडच्या सिग्नलला ताटकळण्याचा एवढा एकच फायदा मला सापडलाय.

प्रश्न लहान आणि ठोस ठेवा. "उद्याच्या दिवसातला सगळ्यात नकोसा तास कोणता?" "व्हॅनमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं?" "डबा कुणाबरोबर खातेस?" "बाई रागावल्या की वर्गात काय होतं?" लहान मुलाला माणसाची आकृती काढून द्या आणि भीती शरीरात कुठे बसते तिथे रंग भरायला सांगा. मोठ्याला शून्य ते दहा आकडा विचारा. मराठीच्या तासाला दोन, पीटीला आठ असं कळलं की शोध निम्म्यावर येतो.

उत्तर मिळाल्यावर लगेच तोडगा काढायला धावू नका. "हं, मग?" एवढंच म्हणा. पुढचं वाक्य बहुधा त्यानंतर येतं.

पायरी ५ : कारणांच्या जागा एकेक करून तपासा

पिंड. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, वास, खेळणी दाखवून पाहिलं. पाचातलं साधारण एक बाळ नव्या गोष्टीने जोरात हातपाय झाडायचं, रडायचं. ही बाळं पुढे बुजरी, सावध होण्याची शक्यता जास्त होती. तरी त्यांतली बरीच मुलं पुढे व्यवस्थित मार्गी लागली. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही चिंतेत आनुवंशिकतेचा वाटा दिसतो, पण तो निम्म्याहून कमी. घरात आत्या, मामा, स्वतः आपण "धास्तीखोर" असू तर ते मान्य करायचं आणि पुढे जायचं. दोष कुणाचाच नाही.

घर. इथे जरा थांबायला हवं. मुलं भीती बघून शिकतात. झुरळ दिसल्यावर आपण खुर्चीवर चढतो, निकालाच्या दिवशी आपला चेहरा पडतो, लिफ्ट अडकली की आपला श्वास अडकतो. मूल हे टिपत असतं. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडची धमकीची परंपरा. जेवला नाहीस तर बुवा येईल, पोलीसकाकांना देईन, "बाबांना येऊ देत, मग बघ". तिसरीतल्या मुलाला बुवा खोटा हे कळतं, पण आई आपल्याला देऊन टाकू शकते हा भाग आत राहून जातो. मला हा प्रकार साफ नापसंत आहे आणि तो आजपासून बंद करता येतो.

मोठ्यांची भांडणं बंद दाराआडही ऐकू येतात. कर्जाचा हप्ता, नोकरी जाण्याची चर्चा, आजीचं ऑपरेशन याबद्दल मुलांना अर्धवट कळतं, आणि उरलेलं ती कल्पनेने भरतात. ती कल्पना वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असते. म्हणून वयाला झेपेल एवढं खरं सांगावं. "आजोबा देवाघरी झोपले" असं ऐकलेल्या मुलाने नंतर झोपायलाच नकार दिला, यात नवल नाही. तुलनेबद्दल वेगळं लिहायला नको. शिष्यवृत्तीच्या यादीत शेजारच्याचं नाव आल्यावर घरात काय बोललं गेलं ते आठवून पाहा.

शाळा. चिडवणं, टोपणनावं, गटातून वगळणं हे तर आहेच. शिक्षकांची भीती असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, हे शाळेशी बोलताना माहीत असू द्या. मात्र आधी भांडायला न जाता वही घेऊन जा.

एक कारण वारंवार सुटतं: शिकण्यातली अडचण. वाचन-लेखनाची अक्षमता असलेलं हुशार मूल तोंडी सगळं सांगतं, पण मोठ्याने वाचायची पाळी आली की त्याला घाम फुटतो. घरी त्याला आळशी म्हणतात. चिंता इथे मूळ नसून परिणाम असते, आणि अभ्यासाचा क्लास लावून ती वाढते. शंका असेल तर तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. मराठी बालवाडीतून एकदम इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाचं गप्प बसणंही नीट पाहा. ते घरी भरभरून बोलत असेल आणि शाळेत महिनोन्‌महिने एक शब्द काढत नसेल तर तो लाजाळूपणा नव्हे, तज्ज्ञांना दाखवा.

घडलेलं काही. कुत्रा चावणं, अपघात, घरात पाणी शिरणं, जवळच्याचं जाणं. इथे निमित्त उघड असतं. पण मूल अचानक एका विशिष्ट माणसाला, जागेला, क्लासला टाळू लागलं, अंगाला हात लावू देईना, वयाला न शोभणारं बोलू लागलं, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात आणावीच लागते. शांतपणे ऐका, "तुझी चूक नाही" म्हणा, तपशील उकरून काढू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली तक्रार करता येते. अशा वेळी वही-नोंदी करत दोन आठवडे थांबायचं नाही.

पायरी ६ : चिंता कशावर जगतेय?

आता वहीचे शेवटचे दोन रकाने काढा. "आपण काय केलं" आणि "त्यानंतर काय झालं".

बहुतेक वह्यांमध्ये एकच गोष्ट दिसते. मूल घाबरलं, आपण त्याला त्यातून सोडवलं, सगळ्यांना हायसं वाटलं. शाळा बुडाली, दहा मिनिटांत पोट थांबलं. पाहुण्यांनी नाव विचारलं, उत्तर आपण दिलं. "आई, दार लावलंस ना?" ला विसाव्यांदा "हो रे बाळा". दर वेळी मेंदू दोन गोष्टी शिकतो: ती जागा खरंच धोक्याची होती, आणि मी वाचलो तो पळालो म्हणून. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. सुटकेचं हायसं वाटणंच चिंतेचं खतपाणी होतं.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी नेमकी हीच जागा धरली. त्यांच्या पद्धतीत मुलावर उपचार न करता फक्त पालकांना शिकवलं जातं: मुलाच्या भीतीपायी आपण काय काय बदललंय ते ओळखायचं आणि हळूहळू थांबवायचं. त्यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत मुलांना थेट दिलेल्या मानसोपचाराइतकीच परिणामकारक ठरली.

तेव्हा यादी करा. मुलासाठी घरातले कोण काय करतं? आजीलाही विचारा, आजीची यादी लांब निघते. त्यातली एकच गोष्ट निवडा, मुलाला आधी सांगा, आणि ती बदला. उदाहरणार्थ: "दाराचं मी रात्री एकदा सांगेन. त्यानंतर विचारलंस तर मी म्हणेन, 'तुला काळजी वाटतेय, आणि तुला ती झेपेल.' उत्तर देणार नाही." पहिले चार-पाच दिवस रडारड वाढते. हे अपेक्षित आहे. अर्ध्यावर सोडलंत तर मूल एवढंच शिकतं की जास्त रडावं लागतं.

पायरी ७ : छोट्या उड्या

टाळण्याचं उलट म्हणजे सामोरं जाणं, पण टप्प्याटप्प्याने. पोहायला शिकवताना मुलाला तलावात ढकलून देणारे मास्तर पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या झाले. काही मुलं त्यातून पोहायला शिकली, बाकीची आयुष्यभर काठावर बसली.

परक्यांशी बोलायला घाबरणाऱ्या मुलीसाठी असा जिना करता येईल. भाजीवाल्या मावशींकडे बघून हसणं. पैसे आपल्या हातून तिच्या हातात, तिच्या हातून मावशींकडे. "कोथिंबीर द्या" एवढं म्हणणं, आई शेजारी. तेच, आई दोन पावलं मागे. भाव विचारणं. मग दुकानात जाऊन वही बदलून आणणं, कारण परत द्यायला जाणं घेण्यापेक्षा अवघड. एकेक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, त्याशिवाय वर चढायचं नाही. शाबासकी धाडसाची द्या, निकालाची नको: आवाज फुटला नाही तरी ती गेली, हे महत्त्वाचं.

दीर्घ श्वास, आकडे मोजणं यांचा उपयोग होतो, पण ते शांत असताना आठवडाभर शिकवलं असेल तरच. ऐन घबराटीत "श्वास घे, श्वास घे" म्हटलं की मूल आणखी बावरतं.

पायरी ८ : तज्ज्ञांकडे कधी, कुठे

शाळा आठवड्याहून जास्त बुडत असेल, वजन उतरत असेल, झोपेची पार वाट लागली असेल, अचानक श्वास कोंडल्याचे झटके येत असतील, किंवा वरचं सगळं करून दीड-दोन महिन्यांत फरक नसेल तर जा. मूल "मला जगायचं नाही" म्हणालं किंवा स्वतःला इजा करत असेल तर त्याच दिवशी.

कुणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात गैर काही नाही. पुण्यात ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका मानसशास्त्रातच काम करते. फोनवरून बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

औषधाच्या नावाने घाबरू नका आणि त्याचा आग्रहही धरू नका. अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत विचार-वर्तन उपचाराने (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार) साधारण ६० टक्के मुलं बरीच सुधारली, सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के, आणि नुसत्या नावापुरत्या गोळीने २४ टक्के. सौम्य चिंतेत मात्र उपचार आधी मानसोपचाराचा, औषध गरजेप्रमाणे, आणि ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मध्येच बंद करायचं नाही.

पहिल्या भेटीला नोंदीची वही, मागची दोन प्रगतिपुस्तकं आणि चालू औषधांची यादी न्या. डॉक्टरांशी मुलासमोर त्याच्याबद्दल तक्रारीच्या सुरात बोलू नका; जे बोलायचं ते आधी लिहून द्या. आणि कुठे चाललोय हे मुलाला रिक्षात बसल्यावर न सांगता आदल्या दिवशी सांगा: पोटात गोळा येतो ना, त्याबद्दल ज्यांना कळतं त्यांच्याशी बोलायला जातोय, इंजेक्शन नाही, आणि तुला नको असेल तर पहिल्या दिवशी तू काही बोलला नाहीस तरी चालेल.